टेकडीचा हेवा करणारा साकव

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साकव आहे. रानाच्या तोंडाशी वाहणाऱ्या ओढ्यावर मी तीस वर्षं उभा आहे. एका सुताराने आणि त्याच्या लेकीने मला बांधलं. तेव्हा येणारेजाणारे माझ्या कठड्यावरून हात फिरवत म्हणायचे, "वा, काय काम आहे!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे सुतार वारला, लेक वनरक्षक झाली आणि माझ्या फळ्या कुजू लागल्या.

अशातच रान जपलं जावं आणि लोकांना फिरायला मोकळी जागा मिळावी म्हणून सरकारी निधी आला. वाटलं, आपले दिवस पालटले! पण ओढ्यापलीकडची टेकडी बंगल्यांसाठी विकली जाणार होती. वनखात्याचे साहेब माझ्यावरच उभे राहून म्हणाले, "आधी टेकडी घेऊ. ती गेली की गेली. साकवाचं नंतर बघू."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीस वर्षं लोकांचे पाय मी झेलले आणि मान कुणाला? त्या उघड्याबोडक्या टेकडीला, जी जन्मात जागची हलली नाही! तसा मीही हललो नव्हतो, पण रागात एवढं कोण बघतं?

लोक मला तुडवत टेकडीवर जायचे आणि तिचंच गुणगान करत परतायचे. मी आतल्या आत जळायचो.

एका सकाळी एक बसकंडक्टर आपल्या आत्याला घेऊन आला.

"आत्या, हात धर."

"सोड रे, मला काय धाड भरलीय?"

एवढ्यात माझी फळी कडकन मोडली. आत्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, घोटा मुरगळला. वाट बंद झाली. आत्याचं विव्हळणं ऐकून मी शरमलो. पण खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात टेकडीला म्हणालोच, 'बस आता एकटी!'

एकटा मात्र मीही पडलो. महिनाभर माझ्यावर एक पाऊल वाजलं नाही.

शेवटी सुताराची ती वनरक्षक लेक साहेबांना घेऊन आली. "साहेब, जमीन घेतलीत, छान केलंत. पण तिथवरची वाट कोण सांभाळणार? देखभालीसाठी दरवर्षी काहीतरी बाजूला काढा."

"बघतो."

"मग आत्ताच बघा ना. या, पलीकडे जाऊ."

साहेबांनी पाऊल ठेवलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून कुरकुरलो. साहेब टुणकन मागे सरले.

दोन महिन्यांत मला नव्या फळ्या मिळाल्या. पहिला खिळा सुताराच्या लेकीने स्वतः ठोकला.

हेवा अजून पुरता गेलेला नाही. पण टेकडी वाचली नसती, तर मी लोकांना नेलं असतं कुठे? म्हणून मित्रांनो, नवी जागा जरूर राखा, पण तिकडे नेणाऱ्या जुन्यालाही जपा. टेकडीचं कौतुकही करा. फक्त माझ्यावर उभं राहून करू नका.