इंजनाच्या बदल्यात गाडी

धोंडू वांग्यांना माती लावत होता. मनोरीची वाळूची जमीन, त्यात खारा वारा. सकाळी पाजलेलं पाणी दुपारपर्यंत कुठं जायचं ते कळायचं नाही. तेवढ्यात शेजारचा सीताराम कुंपणापलीकडनं ओरडत आला.

"धोंड्या, भायेर ये! तुज्या गाडीनं माज्या बायकोचा पाय मोडला!"

धोंडूच्या हातातलं खुरपं पडलं. "कोंची गाडी? मी तर हितं हाय."

"तुजी अँबॅसिडर! उत्तनच्या रस्त्याला विमलाला उडवली न् पळाली. मासळीची पाटी एकीकडं, ती एकीकडं."

"अरं, ती मी दसऱ्याच्या आधीच इकली. बोरिवलीच्या जयवंतला."

"इकली? मंग दर रविवारी हितंच कशी फिरते?"

पण धोंडू बोलला ते खरं होतं. जयवंत बोरिवलीचा गॅरेजवाला. धोंडूला विहिरीवर डिझेलचं इंजन पाहिजे होतं, जयवंतला गाडी. एक दिवस तो टेम्पोतनं इंजन घेऊन आला, धोंडूच्या सह्या घेतल्या आणि ज्या गाडीतनं धोंडू भाइंदरच्या बाजाराला भाजी न्यायचा, ती घेऊन गेला. "नाव बदलायचं माझ्यावर सोड यार," म्हणाला. नाव काही बदललं नाही. रविवारी मात्र तो किनाऱ्यावरच्या बंगल्यांतल्या पाहुण्यांना त्या गाडीतनं भाड्यानं फिरवायला लागला.

तेव्हापासनंच गावात कुजबुज होती. गाडी विकल्याचं नुसतं नाटक, अर्धं भाडं धोंड्याच्या खिशात. आता तर बोलायला निमित्तच मिळालं.

पोलिसांनी जयवंतला धरला. गाडी आपण चालवत होतो हे त्यानं कबूल केलं. पण पुढं म्हणाला, "गाडी धोंडूचीच. माझ्याकडे दुरुस्तीला होती. इंजन मी त्याला वापरायला दिलंय." आरटीओत नाव धोंडूचंच निघालं. भरपाईच्या दाव्यात दोघंही आले.

शेवंती, धोंडूची बायको, तापली. "मेल्याच्या जिभेला हाड न्हाय! इंजन बदल्यात दिलं, मी डोळ्यानं बघितलं." पण गावात रोज ऐकून ऐकून तिच्याही मनात काही तरी कुरतडायला लागलं. एकदा भाकरी थापता थापता बोलली, "तुमी सह्या केल्या, त्या कशावर? वाचून तरी बघितलं का?"

"आता तूबी सुरू कर," धोंडू म्हणाला.

त्यानं मालाडचा वकील धरला, श्यामकांत नावाचा. तो म्हणाला, "धोंडू, नीट ऐका. विमा तुमच्या नावावर आहे. गाडी तुमची असेल तर विमलाबाईंची भरपाई विमा कंपनी देईल. विकली म्हणालात तर कंपनी हात झटकेल. मग त्या बाईनं वसूल कोणाकडून करायचं? जयवंतकडे आहे काय?"

"म्हंजी त्यो जे खोटं बोलतो, तेच मीबी बोलू?"

"मी तसं म्हणत नाही. कायदा काय तो सांगितला."

धोंडूनं ह्याच वकिलाला जयवंतच्या वकिलाबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. ह्यालाबी फोडला की काय? खरं तेच बोलायचं, असं ठरवून तो तारखेला गेला.

कोर्टाच्या व्हरांड्यात विमला बाकावर बसली होती. पाय सरळच्या सरळ पुढं, गुडघ्यात वाकेना. येणारा जाणारा त्याला अडखळायचा, आणि दर खेपेला तीच "चुकलं हां," म्हणायची. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन ती धोंडूच्या दारावरनं जायची, तेव्हा तिच्या चालीनं कुत्री उठायची.

"कसं हाय, वयनी?" धोंडूनं विचारलं. सीतारामनं तोंड फिरवलं. ती म्हणाली, "हाय तसं हाय, भाऊ. पाटी न्हाय उचलत आता."

आत विमा कंपनीचा वकील उभा राहिला. "गाडी तुम्ही जयवंतला विकली होती. इंजनाच्या बदल्यात. खरं ना?"

इतके दिवस धोंडू हेच सगळ्यांना सांगत होता. त्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस हा भेटला. धोंडूनं कठडा धरला. दारातनं व्हरांड्यातल्या बाकावरचा तो ताठ पाय दिसत होता.

"न्हाय सायब," तो म्हणाला. "गाडी माजीच."

मागं सीताराम मोठ्यानं हसला.

निकाल लागला, विमलाला भरपाई मिळाली. गावात म्हणाले, "बघा, शेवटी कबूल झाला का न्हाय!" पुढच्याच आठवड्यात जयवंत टेम्पो घेऊन वाडीत आला. चेपलेली गाडी ओढून आणली, कुंपणाशी सोडली आणि विहिरीवरचं इंजन खोलायला बसला.

"हे काय रं?" धोंडू म्हणाला.

"गाडी तुझी ना? मग इंजन माझं. कोर्टात तूच बोललास."

धोंडूनं खुरपं उचललं आणि वांग्यांकडं वळला.

दुसऱ्या दिवशी वांग्यांसाठी दोघं नवराबायको विहिरीवर आली. रहाटाला दोर लावला. दोनचार कळशा झाल्यावर शेवंती थांबली. घाम पुसला, गाडीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"काय?"

"रविवारच्या भाड्याचे पैसे कुटं ठेवलेत?"

धोंडूनं रिकामी कळशी दोराला अडकवली.

"दोर धर," तो म्हणाला, आणि कळशी खाली सोडली.