नाकेदारांच्या ओटीवरचे पाणी

मुंबईवर जपानी बाँब पडणार या भीतीने शहाण्या माणसांनी जी गावे गाठली त्यांत खालापूर होते, आणि शहाण्यांत मी होतो. धर्मशास्त्र शिकवण्याचा माझा व्यवसाय. कपड्यांपेक्षा ग्रंथ जास्त घेऊन आलो. बाँब पडले नाहीत. ग्रंथांना मात्र कसर लागली. मग संध्याकाळी गावातून हिंडू लागलो आणि एके दिवशी कचेरीमागच्या आळीत ते घर दिसले.

गावात पडकी घरे पुष्कळ होती. त्यांच्याकडे पाहून उसासे टाकण्याचा मला सराव होता. या घराने ती संधीच दिली नाही. अंगण नुकतेच सारवलेले, जोत्याला गेरूचा पट्टा, ओटीचे सागवानी खांब तेल पिऊन काळे तुकतुकीत झालेले. खांबांच्या माथ्यावरची केळफुले इतकी रेखीव, की सुताराने काल छिन्नी खाली ठेवली असावी. पेशवाईत बोरघाटाच्या पायथ्याशी मालाच्या बैलांवर जकात घेणाऱ्या नाकेदाराने ते बांधले होते. वाटसरूंना नाडून बांधलेली घरे सुंदर का असतात, याचा विचार इतिहासकारांनी अद्याप केलेला नाही.

चाळिशीची एक बाई दारात आली. ही आनंदीबाई. तिने ओटीवर बसायला सांगितले. उंबऱ्याजवळ पाय धुण्याचा दगड होता आणि त्यावर पाण्याने भरलेला, झाकण ठेवलेला तांब्या. धूळभरले पाय धुवावेत म्हणून मी हात पुढे केला.

"ते ठेवा, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "ते त्यांचं हाय. तुमाला दुसरं देते."

'ते' म्हणजे तिचे यजमान मालोजी. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी काही न बोलता ते घराबाहेर पडले, आणि परतले नाहीत. कोणी म्हणे आफ्रिकेच्या बोटीवर चढले, कोणी म्हणे पंजाबात दिसले. बाई रोज ताजे पाणी भरून दगडावर ठेवी. खांबांना करंजेल चोळी, वाळवीची रेघ दिसली की स्वतः खरवडी, पावसाळ्याआधी कौले चाळून घेई. घराची निगा सुटली तर लोक म्हणतील की हिनेही आशा सोडली, असे तिचे म्हणणे. मी नंतर अनेकदा तिथे गेलो. माझ्या ग्रंथांपेक्षा ते घर सुस्थितीत होते.

तिचे दीर भिवाजी तालुक्यात उठबस असलेले गृहस्थ. युद्धामुळे सागाला सोन्याचे दिवस आले होते. लष्कराला लाकूड पुरवणारा एक ठेकेदार गावोगावची जुनी घरे पाहत फिरे आणि बहुतेक ठिकाणी पोकळ खांबांवर टिचक्या मारून परत जाई. या घराच्या खांबाला त्याने टिचकी मारली आणि तो हसला. एवढा निरोगी साग त्याने तालुक्यात पाहिला नव्हता. बाईने ज्या हातांनी तो जपला, त्याच हातांनी तो विकाऊ केला होता, हे तिला कोणी सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती.

अडचण एकच होती: घर दोघा भावांचे समाईक, आणि मालोजी मेलेले नव्हते. शास्त्राने ही अडचण फार पूर्वी सोडवली आहे. बारा वर्षे ज्याची वार्ता नाही, त्याचा पळसाचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा आणि जाळावा. भिवाजींनी भटजींना मुहूर्त विचारला. आनंदीबाईने मला विचारले.

"बारा वर्सं झाली म्हंजे मानूस मरतो का, शास्त्रीबुवा?"

ग्रंथांत मतभेद आहेत, असे मी म्हणालो. आमच्या विद्येचे आयुष्य याच वाक्यावर गेले आहे. पण मतभेद खरोखरच होता: तरुणपणी गेलेल्याची वीस वर्षे वाट पाहावी असे वचन आहे, आणि मालोजी गेले तेव्हा तरुण होते. पेट्या उघडून कसर झटकली, पाने काढली आणि भटजींसमोर ठेवली. त्यांनी आदराने वाचली, पानांना नमस्कार केला आणि आपल्याकडे बाराचाच देशाचार आहे असे नम्रपणे सांगितले. मग मी भिवाजींच्या वकिलांकडे गेलो. नव्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा वाटा मिळतो, हे त्यांना ऐकवले. वकीलही नम्र होते. मालोजींनी घर सोडले त्याच वर्षी ते वारले असे धरायचे, म्हणजे कायदा होण्याच्या बराच आधी. तेव्हा घर भिवाजींचे, आणि बाईंना अन्नवस्त्र, एवढेच. थोडक्यात, वाटणीसाठी ती केव्हाची विधवा होती. बांगड्या फोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

विधीच्या आदल्या दिवशी ठाकरवाडीची ठकी पळसाचा भारा घेऊन आली. तिच्याकडून पळस यायचा तो पत्रावळींसाठीच. अंगणात भारा टाकून तिने हसत विचारले, "कुनाचं लगीन गं, आनंदीबाय?" बाईने तिला प्यायला पाणी दिले, आणि भारा उचलून सावलीत ठेवला, पाने सुकू नयेत म्हणून.

मालोजी परत आलेच तर? शास्त्राने तीही सोय केली आहे. पुतळा जाळल्यावर परतलेल्या माणसाला तुपाच्या भांड्यात बुडवून पुन्हा जन्माला घालावे, त्याचे जातकर्म करावे, आणि स्वतःच्याच बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावावे. खांब उतरवून नेलेल्या घरासाठी असा विधी माझ्या वाचनात नाही.

सकाळी आनंदीबाईने नेहमीप्रमाणे अंगण सारवले, तांब्या भरला, दगडावर ठेवला. पुरुष पुतळा घेऊन पाताळगंगेवर गेले. मी गेलो नाही. ओटीवर बसून राहिलो. माजघरात बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्याचा आवाज ऐकला, आणि ग्रंथांतले एकही वचन आठवेना.

उन्हे चढल्यावर मंडळी परतली. स्मशानातून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात शिरायचे नाही, ही रीत सर्वांना ठाऊक होती, आणि पाणी समोरच होते. भिवाजींनी झाकण काढले, तांब्या उचलला आणि पायांवर रिता केला. आनंदीबाई दारात आल्या होत्या. हात मोकळे होते.

"भावजी, ते त्यांचं पानी व्हतं," त्या म्हणाल्या.

"दादाच्याच कामाला लागलं, वैनी," भिवाजी म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता. त्यांनी टाच दगडावर घासून घेतली आणि ते आत गेले.

मागून ठेकेदाराचा माणूस आला. त्याने ओटीच्या पहिल्या खांबावर खडूने खूण केली. गुळगुळीत तेलकट लाकडावर खडू उमटेना, म्हणून थुंकी लावून पुन्हा केली. मी उठून उभा राहिलो होतो. उठून काय करायचे होते, ते आजही मला सांगता येत नाही.

आनंदीबाईंनी रिकामा तांब्या उचलला आणि त्या विहिरीकडे गेल्या. भरून आणला. दगडाशी आल्या, वाकल्या, आणि तशाच थांबल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"कुठं ठेवू, शास्त्रीबुवा?"