नितळ पाण्याचा दाखला

तळ्याकाठी मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराजांनी बरणीतल्या गढूळ पाण्यात काठी फिरवली, डोळे मिटले आणि ते गर्जले, "मळ मनात असतो, पाण्यात नव्हे!" हळूहळू गाळ खाली बसला, वर काचेसारखं पाणी! जयजयकार झाला. तळ्यातून बाटल्या भरल्या गेल्या.

शिक्षिका असलेल्या बाईंच्या धाकट्या बहिणीनेही भरली. मूत्रपिंडाच्या गोळ्या सोडून ती महिनाभर हेच पाणी पीत होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते.

"अगं, त्या तळ्यात रंगाच्या कारखान्याचं पाणी येतं!" बाई कळवळल्या.

"महाराजांचं सोड गं ताई, पण तुझ्या विद्यार्थ्यानंच दाखला दिलाय ना?"

ते खरं होतं. सरकारी धोरणं आखणाऱ्या तरुणांना बाई पर्यावरणशास्त्र शिकवत. त्यांतल्या एकाने पाण्याचा नितळपणा मोजायची पांढरी तबकडी तळ्यात सोडली, ती तळापर्यंत दिसली आणि 'पाणी सुधारले' असा शेरा मारून तो मोकळा झाला.

"बाई, खात्यानं तेवढंच मोजायला सांगितलं होतं," तो पुटपुटला.

बाईंनी त्याला भर गर्दीत नेलं. महाराजांची काठी हिसकावून टोक चाटलं. "तुरट! अहो, ही तर तुरटी!"

"म्हणजे महाराज माझ्याच धंद्यातले की!" गर्दीतला न्हावी ओरडला. लोक हसले.

"तळ्यातही तुरटीची पोती ओतली असणार यांनी. तुरटीनं गाळ बसतो." बाईंनी स्वच्छ पाण्यात मूठभर मीठ ढवळून पेला विद्यार्थ्यापुढे धरला. "यात तुझी तबकडी दिसेल?"

"दिसेल."

"मग पी."

त्याने घोट घेतला आणि थुंकला.

"मीठ दिसलं का? विषही असंच विरघळतं, बाबा. ते तुरटीनं जात नाही."

गोंधळात महाराजांनी काढता पाय घेतला. बहिणीच्या हातातली बाटली गळून पडली. "किती स्वच्छ दिसत होतं गं, ताई," एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी शर्थ केली, पण वेळ निघून गेली होती.

बहिणीचे दिवस झाल्यावर बाई पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या.

"पाणी कसं दिसतं हे मोजून थांबू नका," त्या म्हणाल्या. "त्यात काय आहे आणि पिणाऱ्याचं काय झालं, ते मोजा. महाराजांचं तर नाहीच, पण माझंही तपासल्याशिवाय मानू नका. माझी बहीण चमत्काराला भुलली नव्हती, पोरांनो. तिनं आपल्या शेऱ्यावर विश्वास ठेवला होता."