मोतालिब हुजुरांचे पिवळे आंबे

त्या वर्षी रमजान ऐन वैशाखात आला. आमच्या शालुकडांगा गावच्या बागांत अजून कैऱ्याच लटकत होत्या, आणि दुआ फुंकून रोग बरे करणाऱ्या मोतालिब हुजुरांच्या अंगणात मात्र पिवळ्या आंब्यांसाठी चारशे माणसं उन्हात उपाशी उभी होती.

हुजुरांनी कैऱ्यांच्या पेटीवर तीन फुंकरा मारल्या आणि ती झाकली. मग दोन दिवसांपूर्वी फुंकलेली पेटी उघडली. आत पिवळेधमक आंबे! "सुभानअल्ला!" म्हणत लोक तुटून पडले.

"झाडाला लागतो महिना, माझ्या दुआला दोन दिवस!" हुजूर गरजले. "यानं रोजा सोडा, पोटातला रोग पळेल. ए, हात मागे! आधी नजराणा!"

मी साहेरा, गावातल्या दवाखान्यात औषधं देते. इफ्तारला मी तिथून आणलेला एक आंबा कापला. बाठ्याजवळ पांढरा आणि आंबट. शेजारची जोमिला म्हणाली, "आपा, तुमचं मनच आंबट, त्याला आंबा काय करणार?" बायका हसल्या. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

जोमिलाची तुली चार वर्षांची. तिचं पोट सारखं दुखायचं. रिकाम्या पेटीच्या तळाशी जोमिलाला करड्या खड्यांची पूड दिसली. "हे काय, हुजूर?" तिनं विचारलं. हुजुरांनी पेटी घाईनं मागे ओढली. मग म्हणाले, "बरकतीची राख आहे. ने."

तिनं ती पाण्यात टाकली. पाणी फसफसलं. जोमिलाला वाटलं, दुआ जागी झाली. तिनं पोरीला ते पाजलं.

तुलीला माझ्याकडे आणलं तेव्हा तिचे ओठ सुजले होते, तोंडात पांढरे फोड, उलटीत रक्त. मी तिला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात पळाले. तिचा बाप हसमत शहरात वेल्डिंग करायचा, तोही धावत आला. जोमिलाकडे उरलेल्या त्या राखेची पुडी मी त्याला दाखवली. त्यानं ती उघडून हुंगली.

"आपा, हा लसणासारखा वास माझ्या कारखान्यातला आहे. हे कार्बाइड. पाणी लागलं की यातून गॅस निघतो, त्यावर आम्ही लोखंड जोडतो. हे माझ्या लेकीला पाजलं?"

दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी हसमत, मी आणि मशिदीचे इमाम अफसरुद्दीन अंगणात गेलो. हसमतनं झाकलेली पेटी उपडी केली. पेंढ्याखालून कागदाच्या पुड्या पडल्या.

"ते जिनांचं अन्न आहे!" हुजूर ओरडले. "हात लावशील तर जळशील!"

"जळतंच. बघा." हसमतनं खडा पाण्याच्या तसराळ्यात टाकला, काडी ओढली. भपकन ज्वाळा उठली, काळी काजळी वर गेली. लोक मागे सरकले.

मी म्हणाले, "पेटीतल्या ओलाव्यानंही हा गॅस निघतो, त्यानं कैरीची साल पिवळी होते, आतून ती कच्चीच राहते. आणि या खड्यांत आर्सेनिकसारखं विष असतं. राख पवित्र असेल तर हुजुरांनी चिमूटभर घ्यावी."

"माझा रोजा आहे."

"मग अजान होऊ द्या," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली.

अजान झाली. कुणी पाण्याला हात लावला नाही. सगळे हुजुरांकडे पाहत होते. पुडी त्यांच्यासमोर होती, पाणीही होतं. हुजुरांनी पुडी दूर सारली.

पोलीस त्यांना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तुली गेली.

दफनानंतर इमाम बोलले. "फळ हलाल, एवढंच आपण पाहिलं. ते तय्यिब, म्हणजे निर्मळ, अंगाला हितकर आहे का, हे विचारलं नाही. धर्म दोन्ही मागतो. मालाचा दोष लपवून विकणं हे पाप, आणि अल्लाच्या नावाआड लपवणं त्याहून मोठं. त्या रांगेत मीही उभा होतो. माझीही चूक आहे." जोमिला बाईमाणसांत बसून सगळं ऐकत होती. ती रडलीसुद्धा नाही.

शहरातले व्यापारी हेच खडे वापरतात, फक्त फुंकर मारत नाहीत. म्हणून मी आता घरोघर सांगत फिरते. मोसमाआधी पिवळं झालेलं फळ घेऊ नका. पेटीतली पूड पोरांच्या हाती लागू देऊ नका. पोट दुखलं तर दवाखान्यात या. आणि साधा प्रश्न विचारल्यावर जो चिडतो किंवा घाबरवतो, त्याच्या हातचं काही खाऊ नका, मग तो कुणाचंही नाव घेवो.