चार बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. स्वयंपाकघरातला उभा, ऐटबाज नव्हे, तर गाडीतून फिरणारा, बसक्या पेटीसारखा. झाकण आता धड बसत नाही आणि शेवटी शेवटी सुरू होताना म्हातारा खाटेवरून उठावा तसा मी कण्हायचो. फार दमलोय.

दुकानात आम्ही पाच जण ओळीने मांडलेले होतो. एक मिस्त्री बायकोला घेऊन आले. जन्मभर लोकांची कपाटं केलेल्या या गृहस्थांनी जुन्या व्हॅनमध्ये स्वतःच्या हातांनी पलंग, ओटा, खण बसवले होते. राहिला होता फक्त फ्रिज. कलिंगड निवडावं तसे ते आम्हाला टकटक वाजवून बघत होते. बाईंनी एकच विचारलं, गाडी बंद असताना किती वेळ गार राहतो? त्यांना मधुमेह होता. इन्सुलिनच्या बाटल्या तापल्या तर प्रवास काय, सगळंच अवघड. दुकानातल्या मुलीने मला पुढे केलं. हा बॅटरी कमी खातो, म्हणाली. फक्त भोवती चार बोटं जागा सोडा काका, याला वारा लागतो.

बाहेर पडताना मिस्त्री पुटपुटले, "तीस वर्षं फटी बुजवल्या. आता ही पोर मला फट ठेवायला शिकवणार."

त्यांनी माझ्यासाठी वरून उघडा खण केला, तो असा की माझ्या कडेने वहीचं पान सरकू नये. येणारा-जाणारा वाखाणायचा. कौतुक खणाचं, उकाडा माझा. तासातली वीस मिनिटं राबावं, चाळीस मिनिटं टेकावं, ही आमची रीत. तिथे टेकणं कसलं? मी बाहेर टाकलेली ऊब मलाच परत गिळावी लागे.

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी बॅटरी बसली. बाईंनी झाकण उघडलं, तर बाटल्या कोमट. माल खराब निघाला, परत करू, असं मिस्त्रींचं निदान. कशीबशी गाडी सुरू करून जवळचं शहर गाठलं. औषधवाला म्हणाला, या बाटल्यांचा भरवसा धरू नका. त्याने नव्या दिल्या, पण दुकान बंद होईपर्यंतच त्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवायला कबूल झाला. म्हणजे हातात तीन तास.

बाईंनी नवऱ्याचा हात धरून खणाच्या फळीवर टेकवला. चटका बसावा तसा तो मागे आला. मिस्त्रींनी हत्यारांची पेटी काढली. मला उपसून काढायलाच त्यांना अर्धा तास लागला, इतकं त्यांचं काम चोख! मग रस्त्याच्या कडेला त्यांनी आपल्या हातच्या सर्वांत देखण्या खणाला करवत लावली. दोन्ही बाजू कापल्या, पुढच्या फळीला भोकं पाडली.

"माप चुकलं म्हणा की एकदा," बाई म्हणाल्या.

"माप बरोबर होतं," मिस्त्री भुसा झटकत म्हणाले. "त्यात तुला धरलं नव्हतं."

दुकान बंद व्हायच्या आत मी गार झालो. त्यानंतर अकरा वर्षं बाईंची एकही बाटली तापू दिली नाही.

आता मी अडगळीत आहे, अंगावर गाद्यांची चळत. मित्रांनो, आम्हाला शाबासकी नको. भोवती जरा मोकळी हवा ठेवा. राबणारा दमला की बोलत नाही, नुसता तापत जातो.