सेन्योची पांढरी पाटी

ग्लेसिलचं पत्र माझ्याकडे चौदा महिने पडून होतं. शब्दकोशाच्या पानांत, जिथे त्याचं टोक रोज दिसेल पण ते उघडावं लागणार नाही, अशा जागी मी ते ठेवलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं मी मुलांना पत्रं लिहायला शिकवलं. आठवड्याच्या आत उत्तर द्यावं, हेही मीच सांगायचो. ग्लेसिल त्या मुलांतलीच. आता ती दावाव शहरात नर्स आहे, पण फोन न करता तिनं पत्रच लिहिलं.

"सर, ताताय गेल्यावर मी पाहुण्यांनी काढलेले व्हिडिओ मागवून घेतले. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांना समुद्राखालचे मासे दाखवले. प्रत्येक व्हिडिओत मासा आहे आणि माशाकडे रोखलेली त्यांची काठी आहे. ताताय एकातही नाहीत. शेवटची बुडी त्यांनी तुमच्याबरोबर मारली आणि कॅमेरा तुमच्या हातात होता, असं तीता मरिफे म्हणाली. त्यात नुसते त्यांचे पाय दिसत असले तरी मला पाठवाल का?"

सेन्यो, म्हणजे तिचे ताताय, तिचे वडील, मला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणारा माणूस. गावानं राखलेल्या समुद्रात दरवर्षी मासे मोजतात, आणि त्या वर्षी स्वच्छ अक्षरात नोंदी करणारा कुणी हवा होता. मी त्रेसष्टचा होतो आणि छातीभर पाण्यातूनच काठाकडे वळायचो. सेन्योनं तीन आठवडे माझा हात धरून ठेवला. एकदाही मला हसला नाही. मी त्याचे आभार मानायचं ठरवत राहिलो, नीट वाक्य सुचेना, आणि तो छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात गेला तो गेलाच.

त्या शेवटच्या बुडीचा व्हिडिओ मी एकदाच उघडला होता. हिरवट अंधार, वाळू, माझे गुडघे. चार मिनिटांत बंद केला. हे त्या मुलीला कसं पाठवायचं? आधी ते कापून, रंग सुधारून नीटनेटकं करावं, मग उत्तर लिहावं, असं मी स्वतःला सांगितलं. त्यासाठी सॉफ्टवेअर हवं. कुठलं घ्यावं, यावर मी वाचायला बसलो.

ग्लेसिल जिला तीता, म्हणजे मावशी म्हणते, त्या डायव्हिंगचं दुकान चालवणाऱ्या मरिफेनं एका सकाळी मला गाठलं.

"सर, पोरीला उत्तर दिलंत?"

"सॉफ्टवेअर निवडतोय," मी म्हणालो आणि खिशातून कार्डं काढली. पाच सॉफ्टवेअर, पाच कार्डं, ग्रंथालयात करायचो तशीच. गुण, दोष, कुठल्या संगणकावर चालतं, सगळं.

तिनं कार्डं चाळली. "अहो, व्हिडिओ कापायचाय की मुलगी बघायचीय? एवढी चौकशी माझ्या बापानं माझ्या नवऱ्याचीसुद्धा केली नव्हती."

"पहिल्याची मार्गदर्शिका चारशे पानांची आहे. दोनशेपर्यंत आलोय."

"आणि कापलं किती?"

मी कार्डं परत घ्यायला हात पुढे केला.

"या इकडे," ती म्हणाली आणि मला दुकानातल्या संगणकासमोर बसवलं. व्हिडिओचा पेन ड्राइव्ह कार्डांबरोबर खिशातच होता. "मी सिक्वाते उकळायला ठेवते. चॉकलेट वर येईपर्यंत ज्यात तुम्हाला एक तुकडा कापता येईल, ते तुमचं. बाकीची कार्डं चुलीत."

पहिलं उघडलं तर पडद्यावर इतकी बटणं, की मी हात मांडीवरच ठेवले. दुसरं फोनवरचं. त्यानं मला न विचारताच तुकडे निवडले, खाली नाचाचं संगीत घातलं आणि एका बटणात समुद्र गुलाबी करून टाकला.

"सेन्यो केचपात पोहतोय," मरिफे म्हणाली. "पुढचं."

तिसऱ्यात एकच लांब पट्टी होती आणि एक कात्री. मी गुडघ्यांपाशी कात्री लावली. तुकडा सुटला. इतकंच? खरोखर इतकंच होतं. शेजारी शाईच्या ड्रॉपरसारखं एक चित्र होतं. चित्रातली पांढरी वस्तू त्याला दाखवली की बाकीचे रंग ते आपोआप जागेवर आणतं, असं खाली लिहिलं होतं. खोल पाणी आधी लाल रंग खातं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पांढरं काय दाखवू?

"अहो, सेन्योची पाटी!" मरिफे चुलीपासून ओरडली. "पांढरी! पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून त्यावर लिहून समोर धरायचा की तो."

मी पट्टी पुढे सरकवली. चौथ्या मिनिटानंतर काहीतरी फिकट चौकोनी दिसलं. तिथे ड्रॉपर टेकवला. हिरवा पडदा उठला आणि सेन्यो समोर होता, लाल शर्टात. पाटीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सर, कॅमेरा चालू राहिलाय."

पडद्याच्या कडेनं माझा हात आला. अंगठा आणि बोट जुळवून मी त्याला 'ठीक आहे' म्हणून सांगत होतो.

मास्कच्या आत मला चष्मा घालता येत नाही. कॅमेऱ्याचा दिवा मला दिसला नव्हता, पाटीवरचं अक्षरही नाही. तो 'बरं आहे ना' विचारतोय असं समजून मी ती खूण केली होती. संपूर्ण बुडीभर मी कॅमेरा उलटा चालवला होता. मासा आला की बंद, मासा गेला की चालू. आणि मासा नसताना सेन्यो माझ्याकडेच बघत असायचा.

दुसऱ्यांदा तेच वाक्य, जाड अक्षरात. पुन्हा माझा 'ठीक आहे'. मरिफे पोट धरून हसत होती. तिसऱ्यांदा त्यानं सगळं पुसून दोनच शब्द लिहिले. "असू दे." मग पाटी कमरेला अडकवली, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं, तोंडातली नळी काढून तोंडभर हसला, नळी परत घातली आणि दोन्ही हात हलवले.

मरिफेचं हसणं थांबलं होतं. "शर्ट लाल होता," ती म्हणाली. "मी विसरलेच होते." मागे सिक्वाते उतू गेलं होतं.

पुढचे तीन दिवस मी कापत होतो. माझे गुडघे काढले, वाळू काढली. माझा तो 'ठीक आहे' म्हणणारा हातही काढायला निघालो.

"तो काढलात तर 'असू दे' कुणाला म्हणतोय, ते तिला कसं कळणार?" मरिफेनं विचारलं. हात ठेवला. एकोणीस मिनिटांचा व्हिडिओ झाला.

पत्राचे सात मसुदे फाडले. आठवा लहान झाला.

"प्रिय ग्लेसिल, उशिराबद्दल क्षमा कर. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये तातायचे पाय आहेत, आणि पायांवर अख्खे तातायही आहेत. कडेनं येणारा मूर्ख हात माझा. तुझ्या वडिलांनी तो तीन आठवडे धरून ठेवला होता, म्हणून मी पाण्याखाली जाऊ शकलो. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते आता तुझ्याकडे मानतो. तुझे सर, तेर्यो."

पोस्टातल्या बाईनं पाकीट दाबून पाहिलं. "आत काय आहे, सर?"

"उत्तर," मी म्हणालो.

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते पडल्याचा आवाज ऐकूनच मी बाहेर आलो.