बाटलीतला बुडबुडा

सुनेचं हे पाणी भरणं मोठीआईला मुळीच पटत नव्हतं. बाटली बादलीत बुडवायची, नळी तिच्या तळाशी सोडायची, पाणी काठावरून वाहू लागलं तरी टक लावून बसायचं. वर झाकणही पाण्याखालीच लावायचं!

"पाणी भरतेयस की हिरे जडवतेयस?"

"एक बुडबुडासुद्धा राहायला नको, आई. हवा लागली की रेडॉन उडून जातो, मग यंत्र मोजणार काय?"

सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. हा वायू खडकातून पाण्यात उतरतो, त्याला रंग नाही, वास नाही. नळ सोडला की घरातल्या हवेत पसरतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे तिनं सासूला जेवताना-खाताना ऐकवलं होतं. मोठीआईच्या नवऱ्यानं कातळ फोडून बोअर घेतलेला. अर्धी गल्ली त्याच पाण्यावर. तिच्या पाण्यात खोट? म्हणून तिनंच सगळ्यांना अंगणात बोलावलं होतं.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला आणि ती फाटकाकडे गेली. मोठीआईनं बाटली उचलली. न विसळलेल्या भांड्यात परीक्षेला पाणी द्यायचं म्हणजे घराची अब्रूच की! तिनं बाटली रिकामी केली, खळखळून विसळली आणि उंचावरून फेसाळती धार सोडून पुन्हा भरली.

सुनेनं घाईतच येऊन बाटली यंत्राला जोडली. माना पुढे झाल्या. आकडा जरासा हलला आणि तिथेच बसला.

"जिंकलात, मोठीआई!" शेजारचा शिंपी ओरडला. टाळ्या पडल्या. मोठीआईला तर हसू आवरेना.

सुनेची नजर मात्र बादलीतल्या फेसावर गेली, तिथून सासूच्या कोपरापर्यंत भिजलेल्या हातावर. तिनं बाटली यंत्रापासून सोडवली.

"हे धरायचं नाही. बाटलीत माझ्याकडून हवा राहिली."

तिनं पुन्हा भरली, पहिल्यासारखीच, डोळ्यांत तेल घालून. या वेळी आकडा चढला. चढतच गेला. मर्यादा ओलांडून पार पुढे.

"वा! मघाशी कमी, आता जास्त," शिंप्यानं हात झटकले. "तुमच्या हाताचा भरवसा नाही, वहिनी. आम्ही आपला पहिलाच आकडा धरतो. चला रे, कळश्या भरा!"

"अहो, पाणी टाकून द्यायचं नाहीये. बाहेरच्या टाकीत कारंज्यासारखं उडवलं की वायू निघून जातो, मग..."

ऐकतंय कोण? पंपाचं बटण दाबायला शिंप्याचा हात गेलासुद्धा. सून खाली मान घालून नळी गुंडाळू लागली.

मोठीआईनं शिंप्याचा हात बाजूला सारला आणि सुनेसमोर जाऊन उभी राहिली. आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल असा.

"बाटली मी विसळली, मीच भरली. पाण्याचं तू बोललीस ते खरं, हवेचं बोललीस ते खोटं, आणि तेही धड जमलं नाही तुला. या घरात खोटं बोलायचं ते मी बोलेन. तू आपली मोजत जा."